चपलांची रेल्वे आणि पन्नास खेळांची यादी

मिरजेहून एका बाबांनी विचारलंय. मुलगा साडेचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. बायको नर्स आहे, शिफ्टची ड्यूटी, त्यामुळे संध्याकाळी सहा ते आठ मुलगा बाबांकडे आणि आजीकडे. बाबांनी खेळातून शिकवायच्या पन्नास ॲक्टिव्हिटी वहीत उतरवून घेतल्या, बाराशे रुपयांचा किटही मागवला. मुलगा दहा मिनिटांत उठतो आणि मोबाईल मागतो. आजी म्हणतात, पाटी घेऊन गिरवायला बसव. वर्गातली काही मुलं म्हणे शंभरपर्यंत लिहितात. ‘रोज काय घ्यायचं याची नेमकी यादी द्या,’ असं शेवटी लिहिलंय. आणि मध्येच कंसात एक वाक्य टाकलंय: (एरवी दिवसभर घरातल्या चपला ओळीत लावून रेल्वे-रेल्वे करत बसतो, त्यात सगळा वेळ फुकट जातो.)

मी सांगलीत २६ वर्षं बालवाडीत शिकवलं. आता दोन वर्षं घरीच आहे आणि नातवाच्या हाताखाली काम करते. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा त्या कंसापाशीच थांबले.

यादी मी देणार नाही. रागावू नका. पन्नासाची यादी तुमच्या वहीत आहेच, ती चालली असती तर तुम्ही विचारलंच नसतं. तुम्ही विचारताय ‘काय खेळू?’ पण मला दिसतंय ते असं की खेळ तुम्ही ठरवता, सामान तुम्ही मांडता, नियम तुम्ही सांगता आणि पोराने फक्त बरोबर उत्तर द्यायचं. ही शाळाच झाली, बाकाच्या जागी चटई एवढाच फरक. सकाळी शाळेत बसून आलेलं मूल संध्याकाळी पुन्हा तिथेच कशाला बसेल? शिवाय रोज नवा खेळ म्हणजे रोज नवे नियम. ते समजेपर्यंत त्याची दहा मिनिटं संपतात आणि खऱ्या मजेची वेळ येते तेव्हा तुम्ही वहीचं पान उलटता.

आता चपलांकडे बघा. तिथे तो किती वेळ असतो? ‘दिवसभर’ असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे एकाग्रतेची तक्रार राहिलीच कुठे! माझ्या वर्गात मी हेच पाहत आले. मी दिलेल्या कामावर आठ मिनिटं न बसणारं पोर स्वतःच्या मनातल्या कामावर मधली सुट्टी विसरायचं. तेव्हा माझं उत्तर एवढंच आहे: पुढचे पंधरा दिवस दुसरं काही मांडू नका. त्याच्या गाडीत बसा.

पण त्याआधी एक खुलासा. चपला, गाड्या, डबे ओळीत लावणं हे बहुतेक मुलं करतात आणि त्यात काळजीसारखं काही नसतं. तुमचा मुलगा ‘रेल्वे-रेल्वे’ करतो म्हणजे तो शिट्टी वाजवत असेल, आजींना सीटवर बसवत असेल, ‘चला चला, गाडी सुटली’ असं ओरडत असेल. तसं असेल तर निर्धास्त राहा. मात्र मूल नुसतं ओळच लावत असेल, त्यात कसलंही नाटक नसेल, ओळ मोडली की आवरेनासं होत असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, साडेचार वर्षांचं होऊन तीन-चार शब्दांची वाक्यं जोडत नसेल, तर खेळबिळ बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानही तपासून घ्या. ‘मुलगे उशिरा बोलतात’ या वाक्यापायी दोन-दोन वर्षं घालवलेले आईबाप मी पाहिलेत. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी होते, ती अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असते आणि तिला पैसे पडत नाहीत.

पहिल्या दिवशी तुम्ही करायचं काय? प्रवासी व्हायचं, बस्स. घरी आल्याबरोबर नव्हे. सहा वाजता मुलगा भुकेलेला असतो, तुम्हीही दमलेले असता, आणि मला वाटतं त्याचं मोबाईल मागणं निम्मं भुकेमुळेच असेल. आधी दोघांनी मिळून काहीतरी खा. भडंग असेल तर त्यातले शेंगदाणे काढून किंवा कुटून द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, धावताना तर मुळीच नाही, ते श्वासनलिकेत अडकतात. खाऊन झालं की चपलांच्या मागे जाऊन बसा आणि विचारा, ‘ही गाडी कुठली हो?’ पुढे गप्प. संध्याकाळभरात तुम्ही एवढा एकच प्रश्न विचारायचा. बाकी तो सांगेल ते करायचं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. मी स्वतः त्यात नापास झालेली आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना आम्ही संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जायचो. मी शिक्षिका ना, म्हणून पायऱ्या मोजायच्या, झेंडूचा रंग विचारायचा, होडी मोठी की लहान ते विचारायचं. एक दिवस तिने रिक्षातून उतरतानाच विचारलं, ‘आई, आज पायऱ्या मोजायच्या नाहीत ना?’ नाही म्हटल्यावर ती धावत खाली गेली आणि पाण्यात खडे टाकत बसली. बराच वेळ. मग आपणहून म्हणाली, ‘चपटा खडा टुबुक नाही करत, चप्प करतो.’ आधीच्या महिनाभराच्या माझ्या प्रश्नोत्तरांतून असं एकही वाक्य निघालं नव्हतं.

दोन-तीन दिवस प्रवासी झालात की खेळात एकच गोष्ट नवी घाला. एका वेळी एक. मी तुमच्या जागी असते तर तिकिटांपासून सुरुवात केली असती. जुन्या वहीच्या कागदाचे तुकडे, एक पेन्सिल, आणि ‘मास्तर, एक सांगली द्या.’ तो त्यावर काहीतरी गिरगटेल. तेच तिकीट. ‘हे काय लिहिलंय?’ असं विचारू नका; ‘किती झाले?’ विचारा आणि पैसे म्हणून चिंचोके द्या. ते त्याच्यासाठी ठीक आहेत, पण शेजारचं रांगतं बाळ खेळायला येत असेल तर उचलून ठेवा. कुणी गुंजा दिल्या तर मात्र घरातही आणू नका, दिसायला मण्यासारख्या आणि आत जहर. तर, तिकिटं. आठवडाभरात बहुतेक मुलं स्वतःहून म्हणतात की मिरजेचं तिकीट आणि सांगलीचं तिकीट वेगळं दिसायला हवं. खूण कशासाठी करायची हे पोराला त्या क्षणी कळलेलं असतं. लिहिण्याची सुरुवात मी तिथून धरते. शंभरपर्यंतचे आकडे उतरवून काढणारी मुलं पुष्कळदा या पायरीवरून गेलेलीच नसतात.

मग स्टेशनं. तुमच्या दारातून जाणारी पुण्याची लाईन घ्या: मिरज, विश्रामबाग, सांगली, नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी, कराड, कोरेगाव, सातारा. मधली काही गाळलीत तरी चालेल, एक्स्प्रेस समजा. ही नावं तालात म्हणत गाडी न्यायची. चार दिवसांनी जाहीर करा: ‘आज गाडी फक्त क-क-क वाल्या स्टेशनांवर थांबणार.’ किर्लोस्करवाडी आली, थांबली, कराड, कोरेगाव. सांगलीला थांबली तर प्रवासी म्हणून गडबड करा, ‘अहो, सांगली कशी क ने सुरू होईल!’ शब्दाचा पहिला आवाज सुटा ऐकू येणं ही वाचनाची खरी पूर्वतयारी. अक्षर डोळ्यांना दिसण्याच्या आधी ते कानात वेगळं व्हावं लागतं. ज्या मुलाला ‘कराड’ आणि ‘कोरेगाव’ एकाच आवाजाने सुरू होतात हे ऐकू येतं, त्याला पुढे ‘क’ दाखवला की तो म्हणतो, हां, हा तोच. नसेल ऐकू येत तर ‘क’ म्हणजे नुसती वेटोळी.

मालगाडी हा पुढचा टप्पा. आजी आधीच सांगून ठेवतील की चपलेत भाजी ठेवायची नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. त्यामुळे डब्यांना श्रीखंडाचे रिकामे डबे घ्या. माल म्हणून बटाटे, लसणाचे गड्डे, लिंबं. ‘प्रत्येक डब्यात तीन-तीन बटाटे भरा.’ माल स्वयंपाकघराच्या स्टेशनावर उतरवला की आजी त्यातला लसूण सोलायला देतील. सोलू द्या, वेळ लागला तरी. मटारच्या दिवसांत मटार. कपडे वाळत घालायचे चिमटे दाबून डब्याला डबा जोडता येतो, तेही करा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती मऊ कूर्चेची असतात आणि एकेक करून हाड बनत जातात. दहा-बारा वर्षांपर्यंत हे चालूच असतं. हात असा अजून घडतच असतो. साडेचार वर्षांच्या हाताला रेघांच्या आतला बारीक आकडा अवघड जातो तो बोटांची ताकद आणि ताबा अजून यायचा असतो म्हणून, आळसामुळे नव्हे. लसूण, चिमटे, कणकेचा गोळा, ओलं फडकं पिळणं हा पेन्सिलीचा व्यायामच आहे. आणि लसूण खरोखर भाजीत पडतो याचं मुलांना किती अप्रूप असतं ते जेवताना बघा.

मोजण्याचंही इथेच उरकून घेते. त्याला सात बटाटे मोजायला द्या. मोजून झाले की विचारा, ‘मग किती झाले?’ तो पुन्हा एकपासून मोजायला लागला तर समजा, शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे अजून बसलेलं नाही. ‘सात’ म्हणाला तर बसलंय. मग तेच सात लांब-लांब पसरून विचारा, ‘आता जास्त झाले का?’ या वयाची पुष्कळ मुलं हो म्हणतात. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हे पाहिलं आणि मीही माझ्या वर्गात दरवर्षी पाहिलं. चूक दुरुस्त करत बसू नका. वय वाढतं, बटाटे हाताळले जातात, एक दिवस तेच पोर तुमच्याकडे ‘बाबांना एवढं कळत नाही’ अशा नजरेनं बघतं.

आता त्या शंभराबद्दल. मराठीत आकडे मोजणं हे तुम्हाआम्हाला वाटतं त्यापेक्षा किचकट आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून ऐकून लिहिणारं मूल २१ च्या जागी १२ लिहितं, आणि ती चूक कानाने केलेली असते. एकोणीस, एकोणतीस यांत तर अजून न आलेल्या आकड्याचं नाव आधी घ्यायचं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मला त्या वादात पडायचं नाही, पण अडचण खरी होती. तुमचा मुलगा शाळेत ‘ट्वेन्टी वन’ ऐकतो आणि घरी ‘एकवीस’, म्हणजे उलटसुलट दोन्ही. तेव्हा घरी तुम्ही वीसपर्यंत नीट, वस्तूंसकट, मराठीत मोजा. शंभर लिहिणाऱ्या त्या मुलांमधल्या एखाद्याला ‘नऊ चमचे आण’ सांगून बघा. कदाचित आणेलही, मग चांगलंच आहे. माझ्या वर्गात शंभर लिहिणाऱ्यांतली निम्मी मुलं आणायची नाहीत.

तुम्ही मिरजेचे आहात म्हणून पुढचा खेळ सुचवल्याशिवाय मला राहवत नाही. तुमच्या स्टेशनात एकेकाळी तिन्ही रुंदीचे रूळ होते. पंढरपूरकडे जायची ती छोटी गाडी अडीच फुटांच्या रुळावरची, बार्शी लाईट रेल्वेची. बेळगावकडची मीटर गेज म्हणजे सव्वातीन फुटांच्या आसपास. आणि आताची ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. खडू घ्या, टेप घ्या, मुलाला टेपचं एक टोक धरायला द्या आणि अंगणात किंवा गच्चीत तिन्ही रूळ आखा. मग त्यावरून चाला. टाचेला बोटं लावून, एका रेघेवर. हातात पाण्याने भरलेला पेला घेऊन. ‘अडीच फुटांच्या गाडीत आडवं झोपता येईल का?’ झोपून बघा. त्याची उंची अडीच फुटांपेक्षा जास्त आहे, तो बाहेर येईल आणि खिदळेल. साडेपाच फुटांत तो मावेल, बाबा मावतील का ते तुम्ही बघा.

इथे आजींना खेळात घ्या, आणि हे पाटीच्या वादावरचं औषधही आहे. आजी त्या छोट्या गाडीतून कधीतरी पंढरपूरला गेल्या असतील. त्यांना विचारायला त्यालाच पाठवा: गाडीत काय खाल्लं, बसायला जागा होती का, एवढी गर्दी असताना कुणी हरवलं नाही का? मूल गोष्ट ऐकतं, मध्ये विचारतं, दुसऱ्या दिवशी स्वतः सांगतं, त्यात भर घालतं. भाषा अशी वाढते. आजी मिरजेच्या नसतील, गाडी पाहिलेलीही नसेल, तर त्यांच्या गावची एसटी चालेल. गिरवण्याबद्दल त्यांना मी सरसकट चूक म्हणणार नाही. पूर्वी धूळपाटी असायची, फळीवर बारीक धूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं. पेन्सिल फार नंतर यायची. आजींना सांगा, परातीत रवा पसरून त्याला बोटाने ‘क’ काढून दाखवा, किर्लोस्करवाडीचा क. पुसायला नुसती परात हलवायची. पाच मिनिटं, त्याला हवं तितकंच. गिरवणं आजींचं आणि गाडी त्याची, दोघांचंही राहिलं.

सिग्नलचा खेळ सांगलीच्या हळदीला शोभेलसा आहे. वाटीभर पाण्यात दोन चमचे हळद कालवा, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. पिवळा सिग्नल झाला. कपडे धुण्याच्या वडीचं पाणी ब्रशने लावलं की पट्टी लालसर होते. लाल सिग्नल. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. हळदीतलं रंगद्रव्य साबणासारख्या क्षारात लाल होतं आणि आंबटात पिवळ्यावर येतं. मूल याला जादू म्हणेल, म्हणू द्या. फक्त विचारा, ‘दह्याने काय होईल?’ आणि करून बघा. हिरव्या सिग्नलसाठी पालकाचं पान कागदावर चोळा. चुन्याने रंग आणखी भडक येतो, पण डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, म्हणून मुलाच्या हाती चुना देऊ नका. जुन्या कपड्यांवर हा खेळ खेळा, डाग जात नाहीत हे अनुभवाने सांगते.

मग सिग्नलप्रमाणे पळायचं आणि थांबायचं. लाल दाखवला की जिथे असेल तिथे पुतळा. पळता-पळता स्वतःला थांबवता येणं हे या वयात शिकायच्या सगळ्यांत मोठ्या गोष्टींपैकी एक आहे. वर्गात बसणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, मोबाईल खाली ठेवणं, सगळं त्याच्यावर उभं आहे. त्याची आई रात्रपाळी करून झोपलेली असेल त्या दिवशी ‘मुकी गाडी’ चालवा: शिट्टी कुजबुजत, पावलं चोरून, जो आवाज करील तो घसरला. ‘ओरडू नको’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा हे बरं पडतं.

एकच खेळ पंधरा दिवस, तो कंटाळणार नाही का, असं तुम्ही विचाराल. कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही. माझ्या वर्गातलंच एक सांगते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. आमची बालवाडी पाण्यात गेली. पुन्हा भरली तेव्हा निम्मी खेळणी चिखलाची होती. मी आणि माझ्या जोडीदारणीने ठरवलं होतं की मुलांना हसतंखेळतं ठेवायचं, गाणी घ्यायची. मुलांनी वेगळंच काढलं. एक मुलगा रोज येऊन सगळे ठोकळे खिडकीत नेऊन ठेवायचा, भातुकलीसुद्धा. दुसरी एक बाहुलीला टोपलीत घालून टेबलावर चढायची. ‘आयर्विनला किती फूट?’ हे वाक्य तीन-चार वर्षांची मुलं मोठ्यांसारखं तोंड करून म्हणायची. पहिले दोन दिवस मी त्यांना दुसऱ्या खेळाकडे वळवायला बघितलं. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. दिवाळीपर्यंत तो खेळ चालला, हळूहळू टोपलीची होडी झाली, होडीत बाजार आला, मग कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड आलं आणि पूर केव्हा संपला ते कुणालाच कळलं नाही. मूल एकच खेळ पुन्हापुन्हा खेळतं तेव्हा त्याचं त्यात काहीतरी काम चाललेलं असतं. ते काय, हे दर वेळी आपल्याला कळेलच असं नाही. तुमच्या मुलाचं कदाचित साधं असेल. आई गाडीने ड्यूटीला जाते का हो?

मोबाईलचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी स्क्रीन एका तासाच्या वर नको, कमी तितका चांगला. मी त्यात आपल्याकडून एवढंच घालीन की वेळ ठरलेली असावी आणि ती बक्षीस म्हणून नसावी. ‘गाडी खेळलास तर मोबाईल’ म्हटलं की गाडीची किंमत गेली. आजींची कंबर धरलीय, तुम्हाला बँकेतून यायला उशीर झालाय, अशा दिवशी अर्धा तास गाणी लावून दिली तर काही बिघडत नाही. त्याचं पाप वाटून घेऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट शिकवायला बसू नका.

तुम्ही नक्की कुठे नोकरी करता ते लिहिलेलं नाही, मी बँक आपली धरून चालले. दुकान असेल आणि एखाद्या दिवशी आठला सुटत असाल तर रात्रीची वीस मिनिटंही पुरतात. पानं घेताना ‘आज जेवायला किती प्रवासी?’ विचारून ताट-वाटी-पेला त्यालाच मांडू द्या. माणशी एक ताट, ताटाला एक वाटी. बटाट्यांचंच गणित.

बाराशेचा किट फेकू नका. आवरून कपाटात ठेवा आणि गाडीला लागेल तशी त्यातली एकेक वस्तू बाहेर काढा. दोरा ओवायचे मणी असतील तर ते प्रवासी, आकड्यांचे ठोकळे असतील तर डब्यांचे नंबर. एखाद्या रविवारी त्याला खऱ्या स्टेशनाजवळच्या पुलावर न्या, मालगाडी येईपर्यंत थांबा. धावते डबे तोंडाने मोजताना मोठ्यांचीही चूक होते, म्हणून त्याच्या हातात वही द्या आणि एका डब्याला एक रेघ मारायला सांगा. घरी येऊन रेघा मोजा. चुकल्या तरी त्या रेघा त्याच्या आहेत.

पंधरा हा आकडा मी अंदाजाने दिलाय. सातव्या दिवशी गाडी रुळावरून उतरून दवाखाना झाली तर दवाखाना खेळा, आईकडचा एखादा जुना मास्क आणि रिकामी औषधाची खोकी पुरतील. फक्त बदल त्याने करावा.

आणि हो, आजींना संध्याकाळी देवळात जायचं असेल तर चपला ओढून घेऊ नका म्हणावं. गार्डला विचारून दोन डबे सोडवून घ्यायचे, आणि परत आल्यावर जिथले तिथे जोडायचे.